तेरढोकी : तेरणाकाठचे तगर, कॅलथ्रॉपचा रूळ आणि दोन हजार वर्षांची वाहतूक

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या किनाऱ्यांवरील बंदरांची माहिती लिहून ठेवली. स्वतःचे नाव मात्र त्याने कोठेही लिहिले नाही. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्याशा पुस्तकात दख्खनच्या अंतर्भागातील दोन बाजारपेठांचा ठळक उल्लेख आहे. एक पैठण, दुसरी तगर.

तो सांगतो : बारिगाझा, म्हणजे भडोच, येथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तेथून पूर्वेला आणखी दहा दिवस गेले की तगर नावाचे फार मोठे नगर. पैठणहून मौल्यवान खडे येतात. तगरहून येते ते कापड. साधे जाडेभरडे कापड पुष्कळ, तलम मलमल सर्व प्रकारची, आणि एका विशिष्ट जांभळट छटेचे कापड. हा सारा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला उतरवला जातो.

‘धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून’ हे शब्द लक्षात ठेवावेत. या कथेत ते पुन्हा येणार आहेत.

तगर कोठे होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना बराच काळ छळत राहिला. विल्फर्डने देवगिरीकडे बोट दाखवले. पंडित भगवानलाल इंद्रजींना जुन्नर योग्य वाटले. रा. गो. भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले. प्रत्येकापाशी काही ना काही आधार होता आणि प्रत्येकाच्या मताला कोठे ना कोठे अडचण होती. कधी दिशा जुळत नव्हती, कधी अंतर, कधी नाव.

उत्तर दिले ते जॉन फेथफुल फ्लीट यांनी. मुंबई इलाख्यातील हा सनदी अधिकारी कोरीव लेखांचा मोठा जाणकार होता. १८९७ मध्ये निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला आणि १९०१ मध्ये त्याने मांडले की तगर म्हणजे तेर, निजामाच्या राज्यातील तेरणा नदीकाठचे एक खेडे. ‘तगर’मधला ग गळून ‘तयर’ आणि त्याचे पुढे ‘तेर’, ही प्राकृतच्या नियमांना धरून झालेली झीज होती. इंग्रजी नकाशांत ‘थैर’ असे छापले जाई, त्यामुळे इतकी वर्षे नावाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. फ्लीटनंतर थोड्याच काळात पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स येथे आले आणि त्यांनी गावातील जुन्या विटांच्या देवळांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पैठणहून तेर नेमके पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण बैलगाडीच्या दहा दिवसांच्या मजला आणि भडोचमध्ये बसून ऐकलेली माहिती, एवढ्या भांडवलावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याने इतपत दिशा सांगितली, हेच थोडे नाही.

तेरच्या शेजारी ढोकी आहे. वारकरी परंपरेत ही दोन गावे एका दमात उच्चारली जातात : तेरढोकी. संत गोरोबाकाकांचे गाव विचारले तर जुनी माणसे ‘तेरढोकी’ असेच सांगतात. मोठ्या नगरालगत वसलेल्या वस्तीचे नाव त्या नगराच्या नावाला चिकटून राहावे, असा हा प्रकार. पुढे नगराचे खेडे झाले आणि शेजारची वस्ती रस्त्यावरची, रुळावरची, बाजाराची झाली. या जोडनावाच्या दोन बाजूंमध्ये इतिहासाची पाने कशी उलटली, ते पाहण्यासारखे आहे.

आधी नदी. तेरणा बालाघाटाच्या डोंगररांगेत, तेरखेड्याच्या परिसरात उगम पावते आणि आग्नेयेकडे वाहत औराद शहाजानीजवळ मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला, गोदावरी पूर्व समुद्राला. म्हणजे तेरचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते आणि तेरचा माल जात होता अरबी समुद्राकडे. पेरिप्लसमध्ये आणखी एक सूचक वाक्य आहे : समुद्रकिनाऱ्याकडील मुलखातून येणारा इतर मालही तगरला जमा होतो. तो किनारा पूर्वेचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर तगर हे केवळ विणकरांचे गाव नव्हते. दोन समुद्रांच्या मधला तो उताराचा तळ होता.

तेरच्या पांढरीने पुढे याला पुष्टी दिली. १९५७-५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले, नंतरही वेळोवेळी खोदकामे झाली. सातवाहन नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या अत्यंत नाजूक मूर्ती. यांतील पुष्कळ वस्तू शास्त्रीय उत्खननाच्या आधीच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या होत्या. पाऊस पडून गेला की पांढरीच्या टेकाडांवर वस्तू उघड्या पडत आणि हा गृहस्थ त्या जपून ठेवी. तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे. पदवी नाही, पगार नाही, सरकारी हुकूम नाही, अशा एका माणसाच्या नादामुळे एका नगराचा पुरावा शाबूत राहिला.

या संग्रहातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावाने ती ओळखली जाते, आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची ठेवण आणि तेरच्या मूर्तीची ठेवण यांतील साम्य पाहणाऱ्याला चकित करते. ती तेरहूनच गेली, असे ठामपणे म्हणता येत नाही. भोकरदनलाही त्याच जातीची कारागिरी सापडली आहे. परंतु दख्खनच्या या पट्ट्यातील वस्तू रोमन घरांपर्यंत पोहोचत होत्या, यासाठी याहून बोलका साक्षीदार मिळणे कठीण.

तेरचे त्रिविक्रम मंदिर हा दुसरा साक्षीदार. विटांचे, मागची बाजू अर्धवर्तुळाकार, वर गजपृष्ठासारखे छत. कार्ले-भाजे येथे डोंगरात कोरलेले चैत्यगृह ज्याने पाहिले आहे त्याला हे बांधीव चैत्यगृह आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. मूळची ही बौद्ध वास्तू असावी, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. पुढे तेथे विष्णूचा त्रिविक्रम अवतार उभा राहिला, आणि पूजा चालू राहिली म्हणूनच इमारत वाचली. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे महाराष्ट्रात अनेक आहेत. उभे राहिलेले विटांचे चैत्यगृह मात्र अत्यंत दुर्मीळ. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हेही पाहुण्यांना हौसेने दाखवले जाते. त्यात चमत्कार नाही. मातीत कालवलेला भुसा भट्टीत जळून जातो, विटेला बारीक पोकळ्या पडतात आणि ती हलकी होते. चमत्कार असलाच तर तो त्या कुंभाराच्या हिशेबात आहे.

कुंभारावरून गोरोबाकाका. ज्ञानदेव-नामदेवांच्या समकालीन संतमंडळीत वयाने वडील, म्हणून ‘काका’. संतांची डोकी थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी सांगितले आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. १३१७ मध्ये त्यांनी तेरणाकाठी समाधी घेतली. दर चैत्रात तेथे यात्रा भरते. सातवाहनकालीन मूर्ती घडवणारे हात आणि गोरोबांचे हात यांच्यामध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. माती एकाच नदीची.

नगराची कीर्ती नगराच्या वैभवापेक्षा जास्त काळ टिकते. कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. त्यांची सत्ता ठाण्याला, पन्हाळ्याला. बिरुद मात्र तेरणाकाठच्या नगराचे. आपले घराणे मूळ तेथले, ही आठवण त्यांनी शतकानुशतके मिरवली. तोवर त्या नगराचा व्यापार केव्हाच ओसरला होता.

आता कित्येक शतके ओलांडून एकोणिसाव्या शतकात यावे. धाराशिवचा मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होता. इंग्रजी अमलाखालचा मराठी प्रदेश आणि निजामी अमलाखालचा मराठी प्रदेश यांची सीमा याच भागातून वेडीवाकडी जात होती. बार्शी इंग्रजांकडे, सोलापूर जिल्ह्यात. येडशीचा घाट चढून वर आले की निजामाचे राज्य.

मधल्या काळातील सात वर्षांचा एक तुकडा सहसा विसरला जातो. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश इंग्रजांच्या हवाली करावा लागला. इंग्रजी कागदांत या भागाचे नाव ‘धाराशिओ’. येथे अधिकारी म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीने १८३९ मध्येच इंग्लंडात नाव कमावलेला लेखक. त्याने रस्त्यांची आणि जमीनमोजणीची कामे हाती घेतली. १८५७ च्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात बदली झाली. उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये हा मुलूख त्याला परत मिळाला. इंग्रजी राजवट आली, मोजणीच्या साखळ्या ओढल्या आणि निघून गेली.

त्याच १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापूरला पोहोचले. मुंबई-सोलापूर मार्ग बार्शी शहराला बगल देऊन गेला आणि त्यावर ‘बार्शी रोड’ नावाचे स्थानक उभे राहिले. हेच आजचे कुर्डुवाडी. रेल्वेच्या भाषेत नावाला ‘रोड’ जोडलेले स्थानक म्हणजे त्या गावी जाण्यासाठी येथे उतरा आणि पुढचे तुमचे तुम्ही पाहा. बार्शी तेथून चौतीस-पस्तीस किलोमीटर. बालाघाटावरचा कापूस, जवस, करडई आणि ज्वारी घाट उतरून बार्शीच्या पेठेत यायची आणि तेथून पुन्हा बैलगाड्यांवर चढून बार्शी रोडला जायची. पावसाळ्यात काळ्या रानातील ही वाट म्हणजे चिखलाचा समुद्र. धड रस्ते नसलेला प्रदेश अठराशे वर्षांनंतरही तसाच होता.

या गाड्यांच्या रांगा ज्याने हेरल्या तो एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७. जीआयपी रेल्वेत नोकरीसाठी १८८२ मध्ये तो हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या पेठांना रुंद रूळ परवडणार नाहीत, पण अरुंद रूळ नीट आखले तर परवडतील, या कल्पनेने त्याला पछाडले. नोकरीत राहून ते जमेना, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि लंडनमध्ये कंपनी उभी करण्याच्या खटपटीला लागला.

त्याचा मुख्य विचार साधा होता आणि म्हणूनच चांगला होता. रूळ केवढे जाड हवेत हे संपूर्ण गाडीच्या वजनावर ठरत नाही. एका आसावर किती भार येतो यावर ठरते. मग इंजिन असो वा वाघिण, प्रत्येक आसावरचा भार पाच टनांहून अधिक होऊ द्यायचा नाही. डबे लांब ठेवायचे, चार-चार चाकांच्या बोगींवर बसवायचे आणि भार वाटून टाकायचा. असे केले की यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात. दोन रुळांमधील अंतर अडीच फूट. लीड्सच्या किट्सन कंपनीने इंजिने बांधली : आठ जोडलेली चाके आणि मागे आधाराची चार. आकाराने लहान, ताकदीने दणकट.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग खुला झाला. ते साल दख्खनच्या भीषण दुष्काळाचे होते आणि मुंबईत प्लेग पसरला होता. त्या वर्षी सुरू झालेल्या या छोट्या गाडीने नफा कमावून दाखवला आणि अरुंद रेल्वेवर टीका करणाऱ्यांची तोंडे बंद केली. जगभरातील अरुंद रेल्वेच्या अभ्यासात ‘बार्शी’ हे नाव आजही आदराने घेतले जाते. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड ही १९०४ मध्ये सुरू झालेली रेल्वे याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या धर्तीवर आखली होती. वसाहतीने मायदेशाचे अनुकरण करायचे, ही नेहमीची रीत. येथे स्टॅफर्डशरच्या दरीने बार्शीचे केले.

कॅलथ्रॉपविषयी थोडे विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. अरबी घोड्यांचे त्याला वेड होते. घोड्याला न मारता कसे शिकवावे यावर त्याने पुस्तक लिहिले. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून मरण पावला. तेव्हापासून वैमानिकांचे प्राण वाचवणारी हवाई छत्री बनवण्याच्या ध्यासाने कॅलथ्रॉप झपाटला. ‘गार्डियन एंजल’ या नावाची त्याची छत्री पहिल्या महायुद्धात वापरली गेली. बार्शीच्या चिखलातून बैलगाड्या सोडवणारा माणूस आकाशातून पडणाऱ्यांच्या काळजीत मेला, १९२७ मध्ये.

बार्शीपुढे रूळ पूर्वेकडे सरकत गेले. पांगरी, येडशीचा घाट, कसबे तडवळे, ढोकी, मुरूड. १९११ पर्यंत ते लातूरला पोहोचले. दुसरी शाखा कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत वाढली. एकूण लांबी दोनशे मैलांच्या थोडी वर. फ्लीटने तगरचे ठिकाण निश्चित केल्यानंतर अवघ्या दहा वर्षांत त्याच तगरच्या शिवारातून वाफेचे इंजिन धावू लागले, हा योगायोग. पण फार सूचक योगायोग.

सूचक अशासाठी की मालाची दिशा तीच राहिली होती, पश्चिमेची. आतला मुलूख ते पश्चिम किनारा. भडोचच्या जागी मुंबई आली, बैलगाडीच्या जागी वाघिण. बदलला तो माल. पहिल्या शतकात तगरहून कापड जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून कापूस जाऊ लागला, आणि गिरणीचे कापड गाडीने येथे येऊ लागले. कातणे, विणणे, रंगवणे ही मधली सगळी कामे, आणि त्यांवर जगणारी सगळी घरे, दोन टोकांच्या मधून निसटली. बार्शीत पुढे गिरण्या उभ्या राहिल्या, लातूरची पेठ फोफावली. ढोकीसारख्या स्थानकांवर मात्र गासड्या चढवणे आणि गाठोडी उतरवणे एवढेच काम उरले. रेल्वेने प्रदेश जोडला, हे खरे. कोणत्या अटींवर जोडला, हा प्रश्न विचारल्याविना ते वाक्य अर्धे राहते.

सीमेमुळे या मार्गाला आणखी एक चमत्कारिक रंग होता. गाडी लंडनच्या कंपनीची, तिची सुरुवात इंग्रजी मुलखात आणि शेवट निजामाच्या. निजामाच्या हद्दीत मालावर जकात घेणारे खाते वेगळे, ‘करोडगिरी’. नाणेही वेगळे : निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली. लातूरच्या अडत्याला हिशेब दोन नाण्यांत ठेवावा लागे. सरकारी कागद उर्दूत, रेल्वेच्या पावत्या इंग्रजीत, आणि भाव ठरायचा मराठीत, तोही बहुधा रुमालाखाली बोटे दाबून.

या रुळांवरून कापसाखेरीज माणसेही जात होती, हे कंपनीच्या हिशेबात फार लवकर आले. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या शाखेवर वारकऱ्यांचे लोंढे उसळत. मालवाहतुकीसाठी आखलेली रेल्वे विठ्ठलाने प्रवाशांची करून टाकली.

याच मार्गावरचे, ढोकीशेजारचे कसबे तडवळे. फेब्रुवारी १९४१ मध्ये येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित राहिले. वतन म्हणजे गावकीची पिढीजात चाकरी : सांगितले ते काम, वेळी-अवेळी, मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि भाकरीचे हक्क. या बेडीला मान समजू नका, हे बाबासाहेब वर्षानुवर्षे सांगत होते. महार आणि मांग हे दोन समाज एका मांडवात यावेत, हीच त्या परिषदेची मोठी गोष्ट. तेरणेच्या खोऱ्यातील इतिहास म्हणजे राजांची बिरुदे आणि हस्तिदंती मूर्ती एवढेच मानणाऱ्यांनी हा मुक्काम चुकवू नये. ते बिरुद मिरवणाऱ्यांच्या राज्यात नगराबाहेर राहणारेही कोणी होतेच. त्यांचे ताम्रपट कोणी कोरले नाहीत.

१५ ऑगस्ट १९४७ ला बार्शी स्वतंत्र झाली. घाटावरची गावे झाली नाहीत. एकाच मार्गावरील दोन स्थानकांपैकी एकावर तिरंगा आणि दुसऱ्यावर आसफजाही निशाण, अशी पुढची तेरा महिने स्थिती होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याची शिबिरे सीमेलगत उभी राहिली. बार्शीचा परिसर हा त्यांचा मोठा आधार होता. रझाकारांच्या धाडींनी घाबरलेली कुटुंबे याच दिशेने खाली उतरली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सेनेचा मुख्य ताफा सोलापूरहून निघाला, नळदुर्ग त्याच दिवशी हाती आला, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ‘उस्मानाबाद’ झालेला जिल्हा २०२३ मध्ये अधिकृतपणे पुन्हा ‘धाराशिव’ झाला. टेलरच्या काळात इंग्रज त्याला त्याच नावाने, जमेल तशा उच्चारात, संबोधत होते.

कंपनीचे काय झाले? इंग्रज गेले तरी बार्शी लाइट रेल्वे काही वर्षे खासगी कंपनी म्हणून चालूच राहिली. १ जानेवारी १९५४ ला भारत सरकारने ती ताब्यात घेतली आणि मध्य रेल्वेत विलीन केली.

स्वातंत्र्यानंतर ढोकीची ओळख बदलली ती उसाने. तेरजवळ तेरणेवर धरण झाले, आणि ढोकीला तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मराठवाड्यातील सुरुवातीच्या सहकारी कारखान्यांपैकी तो एक. नदीचे नाव आता कारखान्याच्या फाटकावर आले. गाळपाच्या हंगामात बैलगाड्यांच्या रांगा पुन्हा लागल्या, या खेपेस कापसाऐवजी उसाच्या. एका पिढीची लग्ने, घरे, मुलांची शिक्षणे त्या धुराड्यावर झाली. नंतर कारखान्याला कर्जाने घेरले आणि ते धुराडे कधी पेटले, कधी हंगामामागून हंगाम थंड राहिले. कमी पावसाच्या या पट्ट्यात पाण्यावर इतके उधळे पीक घेणे शहाणपणाचे होते का, हा वाद जुना आहे. ज्यांची भाकरी त्यावर अवलंबून होती, त्यांना तो वाद ऐकायला सवड नव्हती.

अरुंद रूळही शेवटी उखडले गेले. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. जुना मार्ग जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याला शिवतच नव्हता. नवा मार्ग वळवून धाराशिव शहरातून नेला. ढोकीचे स्थानक राहिले. लातूरहून मुंबईला जाणारी गाडी माल न बदलता, माणसे न उतरवता, थेट जाऊ लागली. कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीकडे धावणे इतिहासजमा झाले.

एप्रिल २०१६. सलग दुष्काळाने मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाच लाखांच्या आसपास वस्तीचे लातूर शहर टँकरपुढे उभे होते. पाण्यासाठी जमाव जमू नये म्हणून जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. १२ एप्रिलच्या पहाटे एक मालगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. ‘जलदूत’ असे तिचे नाव पडले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर.

ती निघाली होती मिरजेहून. वाटेत पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. मग घाट चढून धाराशिव, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर. बार्शी लाइट रेल्वेचे एक टोक ते दुसरे टोक. मालाची दिशा पहिल्यांदाच उलटी झाली होती : पश्चिमेकडून आत, आणि वाघिणीत कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी. ढोकीजवळून ती गाडी जात असे तेव्हा तेरणेच्या पात्रात वाळू आणि दगड उघडे पडलेले असत, आणि तेरच्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत, ती हस्तिदंती स्त्री नेहमीप्रमाणे उभी असे.